समुद्र अडीचशे किलोमीटर लांब, तरी नगरच्या घरात खाऱ्या पाण्याचा टँक चालतो, पण कसा?

नगरमध्ये कुणी ‘टँक बघायला चला’ म्हणालं की गाडी रणगाड्यांच्या संग्रहालयाकडे वळते. १९९४ पासून तिथे ठिकठिकाणच्या लढायांतले रणगाडे मांडून ठेवले आहेत. मोबाइलवर मात्र सध्या वेगळ्याच टँकची हवा आहे. निळा उजेड, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला ‘निमो’ आणि खाली कॅप्शन : बादली, पाइप आणि बाटलीतून घरच्या घरी समुद्र.

असं रील बघितलं की अहिल्यानगरच्या माणसाच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, समुद्र इथून अडीचशे किलोमीटर, बोअरचं पाणी जड, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर आणि लाइटचा भरवसा नाही. मग हे आपल्याकडे चालणार कसं?

चालतं. घरगुती जुगाडावरही चालतं. फक्त जुगाड कुठे करायचा आणि कुठे नाही, हे बहुतेक रील्स सांगत नाहीत. लोक नको तिथे पैसे वाचवतात, नको तिथे खर्च करतात आणि दहाव्या दिवशी मासा उलटा तरंगताना दिसतो. दुकानदार म्हणतो, ‘मासाच कमजोर होता.’ खरं तर बहुतेक वेळा मासा ठणठणीत असतो, पाणीच तयार झालेलं नसतं.

समुद्र घरी बनवायचं खूळ तसं जुनंच आहे

१८५० च्या दशकात लंडनमध्ये समुद्री जीव काचेच्या भांड्यात पाळायची फॅशन आली. लंडन काही समुद्रकाठी नाही, त्यामुळे पाणी आणणं हीच डोकेदुखी. फिलिप हेन्री गॉस या निसर्ग अभ्यासकाने त्यावर उपाय काढला. साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड असे चार क्षार पाण्यात मिसळून त्याने कामचलाऊ समुद्र तयार केला. १८५४ साली त्याचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि हा शब्द घरोघरी पोचला.

दुसरी गोष्ट आशियातली आणि स्वस्त टँकवाल्यांसाठी जास्त कामाची. जकार्तामध्ये ली चिन एंग नावाचे हौशी गृहस्थ होते. १९६१ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या एका मत्स्य मासिकात आपली पद्धत लिहिली. फिल्टर नाही, महागडं यंत्र नाही. समुद्रातून आणलेले जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन, बस. तेव्हा अनेकांना ही थाप वाटली. आज जगभरातले खाऱ्या पाण्याचे बहुतेक घरगुती टँक याच तत्त्वावर उभे आहेत. घाण साफ करण्याचं खरं काम यंत्र करत नाही, खडकाच्या छिद्रांत राहणारे जिवाणू करतात. यंत्राचं काम एवढंच, की त्या जिवाणूंपर्यंत पाणी आणि ऑक्सिजन पोचवत राहायचं.

हे एकदा लक्षात आलं की स्वस्तात काय बनेल ते आपोआप कळायला लागतं. पाणी हलवणारं काहीही घरी जमवता येतं. जिवाणूंना घर देणारं काहीही घरी बनवता येतं. मीठ, मोजमापाची साधनं आणि विजेची सुरक्षितता मात्र विकतच घ्यायची.

आधी टँक

‘छोटा टँक म्हणजे सोपा टँक’ हा पहिला गैरसमज. उलट आहे. पाणी जितकं कमी, तितकी चूक लवकर महागात पडते. दहा लीटरच्या बरणीत एक मेलेली गोगलगाय रात्रीत सगळं पाणी नासवते. त्यामुळे छोटा म्हणजे किती छोटा, तर दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. काठोकाठ भरला तर साधारण ८८ लीटर. वरची रिकामी जागा आणि आतले खडक सोडले तर प्रत्यक्ष पाणी ७५ लीटरच्या आसपास.

हा टँक काचवाल्याकडून कापून, सिलिकॉनने चिकटवून घेता येतो. काच ६ मिलीमीटरची चालते, ८ ची असली तर रात्री झोप शांत लागते. सिलिकॉन घेताना एकच बघायचं, बुरशीनाशक घातलेलं नको. बाथरूम आणि किचन सिंकसाठी येणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये ते असतं. भिंतीसाठी चांगलं, माशासाठी विष. चिकटवल्यावर आठवडाभर वाळू द्यायचा, मग अंगणात किंवा गच्चीवर साध्या पाण्याने भरून दोन दिवस गळती बघायची. पाणी, काच आणि खडक मिळून वजन शंभर किलोच्या वर जातं, तेव्हा टीव्हीच्या प्लायवूडच्या टेबलावर तो ठेवायचा विचार सोडून दिलेला बरा.

मीठ म्हणजे नुसतं मीठ नाही

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला तीन चतुर्थांशाहून थोडा जास्त भाग आपलं जेवणातलं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. उरलेल्या भागात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट अशी मंडळी. माशाचं शरीर, पाण्याचा पीएच, कोळंबीची कात टाकणं, सगळं या उरलेल्या भागावर चालतं. म्हणून किराणा दुकानातलं मीठ ३५ ग्रॅम घालून ‘समुद्र’ होत नाही.

मग गॉसची पाककृती आज घरी करायची का? कृषी सेवा केंद्रात मॅग्नेशियम सल्फेट मिळतं, पोटॅश मिळतं, किराण्यात खाण्याचा सोडा मिळतो. जमवलं तर जमतं. पण शेतीच्या मालात काय अशुद्धी आहे ते पोत्यावर लिहिलेलं नसतं आणि पिकाला सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून हवं असलेलं तांबं कोळंबीला मारून टाकतं. इथे तयार समुद्री मीठ विकत घेणंच शहाणपणाचं. ७५ लीटरला पहिल्या भरणीसाठी सुमारे पावणेतीन किलो लागतं. त्यानंतर दर आठवड्याला ११ लीटर पाणी बदलायचं तर ४०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला दीड किलोच्या थोडं वर. या छंदात टँक एकदाच घ्यायचा असतो, मीठ मात्र किराण्यासारखं दर महिन्याला लागतं. बजेट ठरवताना हा आकडा आधी मांडायचा.

कोकणात जाताना कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणायची कल्पनाही बऱ्याच जणांना सुचते. चुकीची नाही, पण खाडीच्या तोंडाशी पाणी निम्मं गोडं असतं, बंदराजवळ डिझेल असतं आणि पावसाळ्यात तर किनाऱ्यालगत नद्यांचं गढूळ पाणीच हाती लागतं. शिवाय ७५ लीटर एकदा आणून भागत नाही, दर आठवड्याला ११ लीटर कोण आणणार?

मीठ विरघळवायचं कशात, हा नगरसाठी जास्त अवघड प्रश्न. बोअरचं पाणी थेट वापरता येत नाही. जडपणा तर आहेच, शिवाय उसाच्या पट्ट्यात खतांतलं नायट्रेट विहिरीत उतरतं. शहरात नळाला मुळा धरणाचं पाणी येतं, ते बरं, पण त्यात क्लोरीन असतं. त्यामुळे घरातला आरओ कामाला लावायचा. इथे एक मेख आहे. पिण्याच्या आरओमध्ये शेवटी चवीसाठी खनिजं परत मिसळणारी कांडी किंवा टीडीएस वाढवणारा स्क्रू असतो. टँकसाठी पाणी त्याच्या आधीच काढून घ्यायचं. चांगला मेम्ब्रेन ९० ते ९५ टक्के क्षार अडवतो, म्हणजे १,००० टीडीएसच्या बोअरचं पाणी ५० ते १०० वर येतं. ते परत एकदा आरओतून काढलं की उत्तम.

आरओ एक लीटर देताना साधारण तीन लीटर बाहेर टाकतो, हे दुष्काळी जिल्ह्यात विसरून चालत नाही. आठवड्याचे ११ लीटर काढताना तीसेक लीटर वाया जाणार. ते बादलीत धरून फरशी, गाडी, संडास यासाठी वापरायचं. मासे पाळण्यासाठी टँकर मागवायची वेळ आली तर तो छंद राहत नाही.

एसीच्या नळीतून टपकणारं पाणी फुकट ‘डिस्टिल्ड’ म्हणून वापरायचा सल्लाही फिरत असतो. ते पाणी एसीच्या आतल्या धातूच्या कॉइलवरून येतं आणि त्यात तांबं असतं. टँकमध्ये अजिबात नको.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर किंवा हायड्रोमीटर लागतोच, चवीने कळत नाही. स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर अनेकदा चुकीचं दाखवतो, पण तो तपासायचं द्रावण मात्र घरी बनतं. ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओचं पाणी. सोनाराकडे असतो तसल्या छोट्या डिजिटल काट्यावर मीठ मोजायचं. या द्रावणाचा थेंब टाकल्यावर काटा ३५ वर यायला हवा, नसेल तर स्क्रू फिरवून आणायचा.

पोल्ट्रीच्या दुकानात मिळणारा ‘समुद्रातला खडक’

आता जिवाणूंचं घर. बाजारात ‘लाइव्ह रॉक’ म्हणून जो खडक विकला जातो, तो अनेकदा प्रवाळाच्या बेटांवरून तोडून आणलेला असतो. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, समुद्रघोडाही त्याच यादीत. दोघांचाही समावेश २००१ मध्ये झाला. म्हणजे कायद्याच्या नजरेत प्रवाळाचा तुकडा घरात ठेवणं आणि वाघाचं कातडं ठेवणं एकाच पंक्तीत बसतं. तीन ते सात वर्षांची कैद आहे. ‘मेलेला आहे, वाळलेला आहे’ म्हणून सुटका होत नाही. ऑनलाइन ग्रुपवर कुरिअरने समुद्रघोडे पाठवणारे भेटतात, त्यांना पत्ता देण्याआधी हे कलम आठवावं.

सुदैवाने खडक घरी बनतो आणि त्याचा कच्चा माल नगर जिल्ह्यात कुठेही मिळतो. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा घालतात. पोल्ट्री खाद्याच्या दुकानात ‘शेल ग्रिट’ म्हणून पोत्याने मिळतो. एक भाग पांढरं सिमेंट, तीन भाग हा धुतलेला चुरा, एक-दोन भाग जाडं मीठ आणि मोजकं पाणी, असा घट्ट गोळा करायचा. ओल्या वाळूत खड्डे करून त्यात ओतायचा, बोटांनी भोकं, कमानी, गुहा करायच्या. वाळल्यावर पाण्यात टाकला की आतलं मीठ विरघळून जातं आणि स्पंजासारखा सच्छिद्र खडक उरतो. माशाला लपायला जागा, जिवाणूंना हजारो खोल्या.

याला पैसे लागत नाहीत, महिने लागतात. ताज्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पाण्याचा पीएच १२ च्या घरात नेऊन ठेवतो. त्यात मासा काही मिनिटांत मरेल. म्हणून खडक साध्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं. सहा-आठ आठवडे तरी. मग तीन दिवस तेच पाणी ठेवून पीएच तपासायचा. साडेआठच्या खाली राहिला तरच खडक तयार. नाही राहिला तर पुन्हा पाणी. घाईत असलेला माणूस नेमका इथेच फसतो.

आपला सह्याद्रीचा काळा दगड का नको? घातला तर विरघळत नाही, पण तो घट्ट असतो. जिवाणूंना राहायला फक्त बाहेरची भिंत मिळते. शोभेला एखादा ठेवावा, फिल्टर म्हणून मोजू नये. तळाला वाळू नाही घातली तरी चालतं, साफसफाई सोपी होते. नदीतून वाळू आणायचं तर नावच काढू नका, ती कारणं नगरकरांना वेगळी सांगायला नकोत.

यंत्रं : काय जमतं, काय दिखाऊ

यूट्यूबवर सगळ्यात जास्त बघितलं जातं ते ‘प्रोटीन स्किमर’. पीव्हीसी पाइपचा दीड फुटाचा तुकडा उभा करायचा, तळाशी बारीक बुडबुडे सोडणारा एअरस्टोन, वर उलटी कापलेली बाटली. खाऱ्या पाण्यात बुडबुडे गोड्या पाण्यापेक्षा खूप बारीक राहतात आणि न खाल्लेलं अन्न, माशांचा चिकट मळ त्या बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतो. उसाच्या गुऱ्हाळात कढईवरची मळी काढतात तसंच. बनवायला मजा येते आणि तो थोडंफार कामही करतो. पण ७५ लीटरच्या टँकला त्याची गरज नाही. आठवड्याला ११ लीटर पाणी बदललं की तेच काम जास्त खात्रीने होतं.

टँकखाली बादली ठेवून केलेला ‘संप’ही असाच मोहात पाडतो. त्यातली अडचण लाइट गेल्यावर कळते. पंप बंद पडतो, पाइपमधलं पाणी उलट्या दिशेने ओढलं जातं आणि बादली भरून हॉलमध्ये समुद्र. जिथे लाइट दिवसाआड जाते तिथे हा प्रयोग पहिल्या टँकवर नको.

जुगाडातलं खरं सोनं म्हणजे शेवाळाची जाळी. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत पुढे आणली. तळहाताएवढी प्लॅस्टिकची जाळी करवतीच्या पात्याने खरखरीत करायची, तिच्यावरून पाण्याचा पातळ पडदा वाहता ठेवायचा आणि जवळ १२ व्होल्टची एलईडी पट्टी दिवसाला बारा तास लावायची. दोन-तीन आठवड्यांत जाळीवर हिरवं शेवाळ धरतं. ते पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट खाऊन वाढतं. दर आठवड्याला निम्मी जाळी खरवडायची, म्हणजे ती घाण कायमची टँकबाहेर गेली. जे शेवाळ काचेवर आलं असतं ते आपण ठरवलेल्या जागी वाढवायचं, एवढीच युक्ती.

बाकी एक स्पंज फिल्टर आणि पाणी हलवणारा छोटा पंप पुरे. फक्त माशांचा टँक असेल तर दिवा म्हणून साधी पांढरी एलईडी चालते. निळा उजेड असतो तो प्रवाळासाठी आणि रील्ससाठी.

उन्हाळा : इथे नगर मुंबईला हरवतं

क्लाउनफिशला २५ ते २८ अंश सेल्सिअस पाणी लागतं. नगरच्या मे महिन्यात बंद खोलीत पाणी ३३-३४ ला सहज जातं. त्यासाठी विकत मिळणारा ‘चिलर’ बाकीच्या सगळ्या टँकपेक्षा महाग पडतो.

पण माठातलं पाणी गार का राहतं हे शाळेत शिकलेलं आठवत असेल तर चिलरशिवाय भागतं. एक लीटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात ७५ लीटर पाणी जवळजवळ ८ अंशांनी गार होऊ शकतं. खोलीची गरमी सतत आत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात एवढा फरक पडत नाही. तरी जुन्या कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा टँकच्या तोंडावर तिरका बसवला तर दोन-तीन अंश सहज उतरतात. नगरची उन्हाळी हवा कोरडी, म्हणून वाफ झपाट्याने होते. मुंबईच्या दमट हवेत हाच पंखा निम्मं कामही करत नाही. ज्या कोरड्या हवेमुळे इथले ओठ फुटतात, तीच टँकला गार ठेवते. टँकवर काचेचं झाकण असेल तर ते काढून मच्छरजाळी लावायची, म्हणजे वाफही निघेल आणि मासा उडी मारून बाहेरही पडणार नाही.

वाफ फक्त पाण्याची होते, मीठ टँकमध्येच राहतं. रोज एक लीटर उडालं आणि दहा दिवस कुणी लक्ष दिलं नाही तर ३५ चा खारटपणा ४० वर जातो. म्हणून कमी झालेलं पाणी रोज भरायचं आणि ते गोडं, आरओचं. त्यात मीठ घालायचं नाही. नवशिक्यांची ही हमखास होणारी गडबड. यासाठीही पोल्ट्रीची आयडिया चालते. कोंबड्यांना पाणी पाजायचं उलटं भांडं असतं, तशी पाण्याची बाटली उलटी करून तिचं तोंड टँकच्या पातळीला टेकवून पक्की बांधायची. पातळी खाली गेली की बाटलीत हवा शिरते, तेवढं पाणी उतरतं आणि आपोआप थांबतं.

हिवाळ्यात उलटी गोष्ट. नगरला रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा हीटर लागतो. तो विकतचाच घ्यायचा, चांगल्या कंपनीचा. बादलीत टाकायची पाणी तापवायची रॉड चुकूनही नको.

लाइट गेल्यावर काय

लाइट गेली की माशाला आधी थंडी वा उपासमार गाठत नाही, श्वास गाठतो. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लीटरला साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, खाऱ्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. पाणी तापलं की आणखी कमी. त्यात नगर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंचावर, हवेचा दाब कमी, म्हणून त्यातूनही थोडी कपात. पाणी हलायचं थांबलं की मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकायला लागतो.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वायफाय राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्ट यूपीएस. त्यावर चार-पाच वॉटचा डीसी पंप काही तास चालतो. दुसरा, पॉवर बँकेवर चालणारा यूएसबी एअर पंप. दोन्ही असतील तर रात्रभराची चिंता नाही.

विजेबाबत आणखी एक, आणि हे माशाच्या नाही, माणसाच्या जिवाचं आहे. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी पटीने चांगली वीज वाहून नेतं. त्याचे बारीक शिंतोडे वायरवर, प्लगवर वाळून मिठाचा थर धरतात आणि पाणी त्या थरातून चढत जातं. म्हणून बोर्ड टँकच्या वर किंवा बाजूला, खाली कधीच नाही. प्रत्येक वायर प्लगमध्ये जाण्याआधी खाली लोंबती ठेवायची, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. हात घालण्याआधी सगळं बंद. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्यायचा. अर्थिंगच्या नावाने भिंतीत नुसती तार गाडलेली घरं कमी नाहीत. तिथे आधी अर्थिंग, मग मासा.

मासा सगळ्यात शेवटी

सगळं जोडून झालं, पाणी खारट झालं, खडक आत गेला. आता मासा? अजून महिना-दीड महिना नाही.

मासा श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट. नव्या टँकमध्ये हे दोन्ही गट नसतात. शिवाय खाऱ्या पाण्याचा पीएच ८ च्या वर असल्याने अमोनियाचा विषारी भाग पीएच ७ च्या पाण्यापेक्षा दहा पटींहून जास्त असतो. गोड्या पाण्यात जे निभावून जातं ते इथे निभत नाही.

जिवाणूंना खायला म्हणून बाजारातून आणलेल्या कच्च्या कोळंबीचा छोटा तुकडा टँकमध्ये टाकायचा. तो कुजतो, अमोनिया चढतो. काही दिवसांनी तो उतरतो आणि नायट्राइट चढतं. मग तेही उतरतं. टेस्ट किटवर दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं की टँक तयार. चार ते सहा आठवडे लागतात. किट खाऱ्या पाण्यालाही चालणारं आहे ना, ते पाकिटावर बघून घ्यायचं. घरात थोडा वास येतो, घरच्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

पहिला मासा कोणता, याचं उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात : काळा मोली. हो, नगरच्या कुठल्याही फिश शॉपमध्ये गोड्या पाण्यात पोहणारा, स्वस्तातला तोच. निसर्गात मोली खाडीच्या पाण्यातही राहतो आणि हळूहळू सवय लावली तर पूर्ण समुद्री खारटपणात आरामात जगतो, पिल्लंही देतो. बादलीत त्याच्या मूळच्या पाण्यात ठेवून सलाइनच्या नळीतून थेंब थेंब खारं पाणी सोडायचं. एका दिवसात नाही, दोन-तीन दिवसांत. त्याने शेवाळ खाल्लं, दोन महिने मजेत काढले, तर टँक पास.

मग निमो. बाजारातले बहुतेक समुद्री मासे थेट समुद्रातून पकडलेले असतात. फिलिपिन्स, इंडोनेशियात त्यासाठी प्रवाळांवर सायनाइड फवारण्याचे प्रकार १९६० च्या दशकापासून झाले आहेत. असा मासा दुकानात छान दिसतो आणि घरी आणल्यावर काही आठवड्यांत मरतो. क्लाउनफिशच्या बाबतीत मात्र पर्याय आहे, कारण तो हॅचरीत वाढवता येतो. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र भारतात विकसित केलं. महाराष्ट्रात नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मॅनग्रोव्ह फाउंडेशनने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या मदतीने क्लाउनफिशची हॅचरी उभी केली. तिथली पिल्लं किनाऱ्यावरच्या बचत गटांना वाढवायला देऊन त्यातून उत्पन्न मिळवून द्यायचं, ही त्यामागची कल्पना. विकत घेताना दुकानदाराला एवढंच विचारायचं, ‘हॅचरीचा आहे की समुद्रातला?’ आणि आपल्यासमोर खाणं टाकायला लावायचं. हॅचरीतला मासा दाण्यावर तुटून पडतो.

७५ लीटरमध्ये क्लाउनफिशची एक जोडी, बास. त्याला समुद्रफूल लागत नाही, सिमेंटच्या खडकाचा एखादा कोपराही तो आपला मानतो. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं. चांगला ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो, म्हणजे दहावीतल्या मुलाने आणलेला मासा त्याच्या नोकरीनंतर आईच्याच गळ्यात पडणार.

बदललेलं खारं पाणी कुंडीत, परसबागेत ओतायचं नाही, माती खराब होते. ते ड्रेनेजमध्येच टाकायचं. छंद सुटला तर मोली सीना नदीत किंवा गावच्या तळ्यात सोडायचे नाहीत. ते परदेशी मासे आहेत आणि भराभर वाढतात. दुकानदार परत घेतो, नाहीतर टँक असलेला दुसरा कुणीतरी.